'एडिट' लिहिलं आणि सगळं गेलं

मागच्या रविवारी आईचा फोन. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करत होती. "अरे, मधे एक शब्द घालायला गेले तर पुढची अक्षरं गिळतोय हा! मलाच मेलं जमत नाही." चुकून इन्सर्टची कळ दाबली गेली होती, बाकी काही नाही. पण ते 'मलाच जमत नाही' डोक्यातून जाईना.

तर मंडळी, हे दुखणं निदान पन्नास वर्षं जुनं आहे. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा एडिटर केला. कागदावर जे उमटणार तेच पडद्यावर दिसायचं, म्हणजे त्या काळात चैनच. पण त्यात 'मोड' होते. कमांड मोडमध्ये प्रत्येक अक्षर हा एक हुकूम. आपण मजकूर लिहितोय अशा समजुतीत कुणी 'एडिट' हा इंग्रजी शब्द टाइप केला की झालं! ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पुसून टाक, आय म्हणजे इथे घाल, आणि उरला टी. अख्खा मजकूर गायब, पडद्यावर एकटा 'टी'.

प्रोग्राम त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच वागला होता, बरं का. आपण इंजिनियर लोक इथेच हात झटकतो.

१९७३ मध्ये पार्कमध्ये आलेला लॅरी टेस्लर मात्र हे ऐकून घेणारा नव्हता. त्याने कॉम्प्युटरची सवय नसलेल्या एका सेक्रेटरीला कोऱ्या पडद्यासमोर बसवलं आणि विचारलं, इथे मजकूर आहे असं समज, त्यात दुरुस्ती कशी करशील? तिचं उत्तर साधं होतं: जिथे घालायचंय तिथे बोट दाखवायचं आणि लिहायचं. खोडायचंय तिथून तिथपर्यंत दाखवायचं आणि खोडायचं. तिला मोडबिड काही सुचलेच नाहीत! टिम मॉट हा त्याचा जोडीदार गिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतर्फे आलेला. तिथले संपादक कात्री आणि गोंद घेऊन हस्तलिखितं कापत-चिकटवत. या सगळ्यातून ब्राव्होच्याच पायावर १९७५ च्या सुमारास 'जिप्सी' उभा राहिला. आधी मजकूर निवडा, मग कट, कॉपी किंवा पेस्ट. कर्सर ठेवा आणि लिहा, कुठला मोड चालू आहे ते आठवत बसायला नको.

टेस्लर १९८० मध्ये ॲपलमध्ये गेला. १९८३ चा लिसा आणि १९८४ चा मॅकिंटॉश यांतून त्याच्या कल्पना जगभर गेल्या. सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन वर्डच्या मागे लागला. टेस्लरचं वेड इतकं, की त्याच्या गाडीची नंबरप्लेट होती 'नो मोड्स'! २०२० मध्ये तो गेला.

(मी स्वतः रोज विम वापरतो. १९७६ च्या व्हीआयचा वंशज, आणि मोडांचा नुसता बुजबुजाट. आवडतो मला. पण तो आईला देण्याची हिंमत माझ्यात नाही.)

असो. संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं, म्हटलं चूक तुझी नव्हती. तर म्हणाली, "मग ती कळ ठेवलीये कशाला अजून?" इतिवृत्त तिने तोवर हाताने लिहून काढलं होतं.