घरगुती बंदूकपेटी

घरगुती बंदूकपेटी : परवान्याची बंदूक, रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल घरात कुलूपबंद ठेवण्यासाठी वापरली जाणारी पोलादी पेटी अथवा उभे अरुंद कपाट. दागिन्यांच्या तिजोरीशी तिचे नाते आहे, पण काम वेगळे. तिजोरीला चोर अडवायचा असतो. बंदूकपेटीला चोराच्या आधी घरातले मूल, दारू पिऊन भांडायला उठलेला भाऊ आणि जिवाला कंटाळलेला माणूस अडवायचा असतो. या तिघांना अडवण्यासाठी फार पैसे लागत नाहीत. चोराला अडवण्यासाठी लागतात. कमी खर्चात पेटी निवडायची तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

प्रस्तुत नोंद रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा पट्टा समोर ठेवून केली आहे. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडून सुकेळी खिंड उतरली की कोलाडच्या अलीकडे खांब लागते. आजूबाजूला भातशेती, कडव्या वालाची शेते आणि पाठीमागे डोंगराचे रान. भात पोटरीला आला की रानडुकरे उतरतात, बागायतीत वानरे आणि केलटी येतात. कोकणात ‘शेतीसंरक्षणाची बंदूक’ म्हणतात ती याच गरजेतून आली. बहुधा ती ठासणीची असते किंवा १२ बोअरची एकनळी अथवा दुनळी. रोहा तालुक्याच्या पश्चिमेला असलेले फणसाडचे रान एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. परवान्याने बंदूक बाळगता येते, शिकार करता येत नाही. पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते.

जुन्या घरांत बंदुकीची जागा ठरलेली असे : माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्या, नाहीतर माळ्यावर गोणपाटात गुंडाळून. ठासणीची बंदूक अनेकदा ठासूनच ठेवलेली असे, कारण एकदा दारू आणि छर्रे भरले की ते सुखरूप बाहेर काढण्यापेक्षा बार उडवणे सोपे. बार पेटवणारी टोपी काढून ठेवली म्हणजे बंदूक रिकामी झाली, ही समजूत धोक्याची आहे. नळीत दारू आहे तोवर ती भरलेलीच. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी बंदूक खाली उतरते, घरभर मुले असतात, आणि गेल्या वर्षी ती कोणी ठासली होती हे कोणालाच आठवत नसते. पेटी कितीही चांगली असली तरी भरलेल्या बंदुकीसाठी ती नाही.

कायदा : १८७८ चा इंग्रजी अमदानीतील कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते, मात्र पत्रा अमुक जाडीचाच हवा असे कोष्टक साध्या परवानाधारकासाठी त्यात नाही. निवड त्यामुळे मालकाच्या अकलेवर आणि खिशावर राहते. परवान्याच्या अटी मोडल्यास शिक्षा आहे, आणि बंदूक चोरीला गेली की पहिला प्रश्न ती कुठे आणि कशी ठेवली होती हाच विचारला जातो. खांबसारख्या गावचा परवाना अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत तो आयुक्त देतात.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे असू शकणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. पेटीच्या आकाराचा प्रश्न या तरतुदीने परस्पर सोडवला आहे. अमेरिकी जाहिरातींत बारा किंवा चोवीस बंदुकांची कपाटे असतात. आपल्याकडे त्यांचा उपयोग शून्य. दोन लांब नळ्या उभ्या राहतील एवढी जागा पुरे, आणि खर्चातली पहिली बचत तीच.

पेटी घेण्याआधी : बंदूक वर्षभर घरात हवी का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. या भागातली कितीतरी घरे मुंबई-ठाण्याच्या नोकरीवर चालतात. गणपती, शिमगा आणि लावणी-कापणी एवढ्यापुरते दार उघडते. बाकी महिने कुलूप. बंद घरातल्या पेटीपाशी चोराला रात्रभर वेळ मिळतो, आणि पुरेसा वेळ मिळाला तर घरगुती वापराची कोणतीही पेटी फुटते. अशा घराने सुरक्षित ताब्याचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक ठेव म्हणून द्यावी आणि रीतसर पावती घ्यावी. हंगामापुरती ती घरी आणता येते. विक्रेत्याचे वर्षाचे भाडे आणि पेटीची किंमत यांचा हिशेब मांडला तर पुष्कळदा भाडेच परवडते. निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हा घरची पेटी रिकामीच असते.

माप : प्रथम आपली बंदूक मोजावी. १२ बोअरची दुनळी दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण ११५ ते १२५ सेंटिमीटर भरते. ठासणीची याहून लांब, कधी दीड मीटरच्या घरात जाते. तयार मिळणाऱ्या पेट्या बहुधा १२ बोअरच्या मापाच्या असतात आणि ठासणीची बंदूक त्यांत तिरकीही बसत नाही. नळी दस्त्यापासून सुटी करता येणारी दुनळी असेल तर निम्म्या उंचीची पेटी चालते; शिवाय नळी एका कुलपात आणि दस्ता दुसऱ्यात ठेवता येतो, ही सोय महागड्या पेटीपेक्षा सरस ठरते. रिव्हॉल्वर-पिस्तुलासाठी छोटी पेटी पुरते, पण ती काखोटीला मारून नेता येते, म्हणून भिंतीत किंवा फरशीत पक्की केल्याशिवाय तिला पेटी म्हणू नये.

पत्रा : दुकानात आणि फॅब्रिकेशनवाल्याकडे पत्र्याची भाषा गेजची असते. आकडा वाढला की पत्रा पातळ. २० गेज सुमारे ०.९ मिलिमीटर, १८ गेज १.२, १६ गेज १.६, १४ गेज २ मिलिमीटर. घरगुती कपाटाचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास असतो; तो पहारीने वाकतो. बंदुकीसाठी २ मिलिमीटर ही खालची मर्यादा धरावी, दारासाठी ३. पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा २ मिलिमीटर जाडीला साधारण १५.७ किलो भरतो. १३५ सेंटिमीटर उंच, ३५ रुंद आणि ३० खोल अशा पेटीला जवळजवळ २ चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे २ मिलिमीटरची पेटी ३१ किलोच्या आसपास, ३ मिलिमीटरची ४६. विक्रेता ‘जाड पत्रा’ म्हणतो तेव्हा पेटी वजनकाट्यावर ठेवायला सांगावी. या मापाची पेटी १८ किलो भरली तर जाडीचा प्रश्न मिटला.

या हिशेबामुळे एक दुसरी वाटही उघडते. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे, आणि ग्रील, शटर, ट्रॉली करणारे कारागीर या पट्ट्यात गावोगाव सापडतात. पत्र्याचा किलोचा भाव अधिक मजुरी अधिक कुलूप, अशी किंमत त्यांच्याकडून समोरासमोर काढून घेता येते आणि ठासणीच्या बंदुकीच्या मापाची पेटी मिळते. मात्र कारागीर ती कपाटासारखी करणार नाही याकडे लक्ष हवे. दाराची फट दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर पहारीचे टोक शिरते. बिजागऱ्या बाहेर असतील तर त्या बाजूला आतून पट्टी वेल्ड करावी, म्हणजे बिजागरी कापली तरी दार निघत नाही. कडी-कोयंडा उघडा ठेवू नये. कुलपाभोवती पोलादी कवच हवे. आतून-बाहेरून रेडऑक्साइड आणि मग रंग. पेटी कशासाठी आहे याचा बोभाटा मात्र करू नये. कारागिराला फक्त माप द्यावे.

तयार तिजोरी घ्यायची तर कुर्ला-मुलुंडपासून अलिबागपर्यंतच्या दुकानांत गोदरेजचे नाव आधी घेतले जाते. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलुपांचा कारखाना काढला आणि १९०२ मध्ये तिजोऱ्या सुरू केल्या. पण घरोघरी ‘गोदरेजचे कपाट’ म्हणतात ते कपडे आणि कागदपत्रांचे कपाट आहे, कोणत्याही कंपनीचे असो. त्याच्या आतल्या लॉकरमध्ये काडतुसे ठेवायला हरकत नाही, बंदूक तिथे सुरक्षित समजू नये. भारतीय मानक ब्यूरोचे तिजोऱ्यांसाठीचे मानक आयएस ५५० हे आहे. अमेरिकेत यूएल संस्था घरगुती पेट्यांची कसोटी घेते. तिच्या प्राथमिक श्रेणीत साध्या हत्यारांनी केलेल्या पाच मिनिटांच्या हल्ल्यासमोर पेटी टिकावी लागते. फक्त पाच मिनिटे! त्यावरून पेटीकडून किती अपेक्षा ठेवावी हे कळते.

आगीची हमी हा कमी बजेटमध्ये सोडून देण्याचा भाग. जिप्समच्या तक्त्यांचे अस्तर पेटीची किंमत वाढवते आणि पावसाळ्यात ओल धरते.

बसवणे : पैसे वाचवायचेच असतील तर पत्र्यात थोडे वाचवावेत, बोल्टमध्ये वाचवू नयेत. न बसवलेली ४६ किलोची पेटी दोन माणसे उचलून टेम्पोत घालतात आणि मग सावकाश फोडतात. तळाला दोन आणि पाठीला दोन, असे १० किंवा १२ मिलिमीटरचे अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये हवेत. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, त्यात फुगणारा बोल्ट हळूहळू ढिला होतो. तिथे भिंतीच्या पलीकडे पोलादी पट्टी ठेवून आरपार बोल्ट घ्यावा. मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीवर भरवसा न ठेवता जमिनीत काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात बोल्ट पुरावेत. दोन भिंतींच्या कोपऱ्यात पेटी ठेवली तर पहार चालवायला जागा उरत नाही. ओटी आणि पडवी टाळावी; माजघराच्या आतली खोली बरी.

कुलूप : चांगले किल्लीचे कुलूप अजूनही सगळ्यांत स्वस्त आणि भरवशाचे. बटणांच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाला किल्ली लपवावी लागत नाही, हा मोठा फायदा. पण कोकणच्या पावसाळ्यात सेलच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, आणि स्वस्त पेट्यांत अडचणीसाठी दिलेले किल्लीचे भोक इतके हलके असते की सगळी सुरक्षितता तिथेच गळते. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या स्वस्त पेटीचा मोह टाळावा. शेतात राबणाऱ्या, चिखलाने आणि विळ्याने झिजलेल्या बोटांचे ठसे ती नीट वाचत नाही. उलट दोषही गंभीर आहे : अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये फोर्ट्रेस कंपनीच्या सुमारे ६१ हजार पेट्या परत मागवाव्या लागल्या, कारण त्या नोंद नसलेल्या बोटांनीही उघडत होत्या. त्याआधी १२ वर्षांच्या एका मुलाचा अशा पेटीतल्या बंदुकीने मृत्यू झाला होता.

किल्ली देव्हाऱ्यात, कपाटाच्या माथ्यावर किंवा तांदळाच्या डब्यात ठेवली तर ती घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, मुलांना तर सर्वांत आधी. परवाना एका माणसाच्या नावाचा असतो, किल्लीही त्याच्याच कमरेला हवी. काडतुसे आणि बंदूक एकाच पेटीत ठेवायची वेळ आलीच तर आत वेगळ्या कुलपाचा कप्पा करून घ्यावा. दारूचे मात्र निराळे आहे. ठासणीच्या बंदुकीची दारू जाड पोलादी पेटीत कधीही ठेवू नये. आग लागली तर बंद पोलादात कोंडलेली दारू पेटीचाच बॉम्ब करते. ती थोडीच आणावी आणि सैल झाकणाच्या लाकडी डब्यात, चुलीपासून आणि टोप्यांपासून दूर, वेगळ्या कुलपात ठेवावी.

गंज : या पट्ट्यात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर बंद पेटी हेच बंदुकीचे मोठे दुखणे. पेटी जमिनीपासून पाच-सात सेंटिमीटर उचलून ठेवावी आणि भिंतीशी थेट न भिडवता मध्ये रबराची चकती द्यावी. चामड्याची किंवा कापडाची खोळ आत ओल धरून ठेवते, म्हणून पेटीत बंदूक उघडीच ठेवावी. सिलिका जेलच्या पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी गरम करून पुन्हा वापरता येतात. खोबरेल तेल लावण्याची जुनी सवय सोडावी. ते चिकट होऊन चाप आणि घोडा अडकतो. यंत्राचे पातळ तेल पुरते. ठासणीच्या नळीत उरलेली राख पाणी ओढते, त्यामुळे बार काढल्यावर गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावल्याखेरीज ती पेटीत घालू नये.

कागद : परवान्याची प्रत आणि बंदुकीवरचा क्रमांक पेटीत ठेवून भागत नाही, पेटीच गेली तर तक्रार लिहिताना क्रमांक सांगता येत नाही. एक प्रत दुसऱ्या घरी असावी. परवानाधारक वारला तर बंदूक पेटीत तशीच राहू देणे वारसांच्या अंगाशी येते : ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. २०१६ च्या नियमांत हयातीतही वाट आहे. धारकाची सत्तरी झाली किंवा बंदूक जवळ असण्याला २५ वर्षे झाली की तो वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. मुलगा मुंबईत आणि शेत खांबला, अशा घरांनी ही वाट वेळेवर धरावी, आणि अर्ज मंजूर झाला की पेटीचे कुलूपही बदलून घ्यावे.