कोशिंबिरीतले शब्द

पानाच्या डाव्या बाजूला चटणीशेजारी वाढली जाणारी कोशिंबीर हा आपल्या स्वयंपाकातला सर्वांत निरागस पदार्थ. तिला ना शिजवणे, ना आटवणे. म्हणून ती अनादी आणि निर्भेळ 'आपली' असणार, असे आपण गृहीत धरतो. वर्गात भाषाशुद्धीचा विषय निघाला की निर्भेळ मराठी कोठे सापडेल, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर शब्दकोश उघडण्यापूर्वी या वाटीत शोधावे, असे आम्हांला वाटते.

काकडी इथलीच, हिमालयाच्या पायथ्याशी तिचा रानटी भाऊबंद आजही उगवतो. कोथिंबीरही जुनी; धन्याचे 'कुस्तुंबुरु' हे नाव पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे. परंतु या वनस्पतीचे मूळ भूमध्य समुद्र ते पश्चिम आशिया या पट्ट्यात मानले जाते. म्हणजे पाणिनीने नोंदवलेला शब्दही एका पाहुणीचाच! मिरची, शेंगदाणा व टोमॅटो तर अमेरिकेतले. कोलंबसाची सफर १४९२ची, गोव्यात पोर्तुगीज सत्ता आली १५१०मध्ये. ज्ञानेश्वरी १२९०ची, ती नेवाश्यात सांगितली गेली तेव्हा त्या गावातल्या एकाही घरात मिरची वा दाण्याचे कूट नव्हते.

या पाहुण्यांना मराठीने कसे सामावून घेतले, हे पाहण्यासारखे आहे. मिरचीला तिने मिऱ्याचेच नाव दिले, कारण तिखटपणा ओळखीचा होता. शेंगदाण्याच्या पिकासाठी 'भुई' आणि 'मूग' हे घरचे दोन शब्द जोडून तिसरा घडवला. 'कोबी' पोर्तुगीजांकडून घेतला आणि मराठी वळणावर आणला. टोमॅटो मात्र आपले नाव घेऊनच आला. मेक्सिकोतल्या नावाट्ल भाषेतला मूळ शब्द स्पॅनिश-इंग्रजीतून फिरत आपल्या मंडईत पोहोचला. अर्थविस्तार, समास, तद्भवासारखे रूपांतर आणि सरळ उसनवारी या भाषाशास्त्राच्या चारही वाटा एका वाटीत भेटतात.

मग कोशिंबिरीचे मराठीपण कशात? आम्हांला ते कृतीत दिसते. काकडी किसायची नाही, कोचवायची. कोथिंबीर, मिरची, आले आणि जिरे जाडसर वाटायचे, वर लिंबू पिळायचे. हे वाटण व दाण्याचे कूट काकडीला लावून तुपाची फोडणी द्यायची आणि मीठ अगदी पान वाढताना घालायचे. आधी घातले तर काकडीला पाणी सुटते आणि सारी चव त्यात वाहून जाते. हा क्रम, ही वेळ आणि हे प्रमाण कोणत्याही जहाजातून आले नाही. हातांनी हातांना शिकवले.

भाषेचेही तसेच आहे. परके शब्द वेचून बाहेर काढू लागलो, तर अखेरीस वाटीत नुसती काकडी उरेल. जपायची आहे ती वाक्य रचण्याची रीत, कोणत्या शब्दाला कोठे बसवायचे याची जाण. ती सुटली तर सगळे शब्द घरचे असूनही वाक्याला पाणी सुटेल.