सुरक्षितता व्यवस्थापन, एकात्मिक (विमान वाहतूक)
विमान वाहतूक संस्थेतील सुरक्षितता, गुणवत्ता, सुरक्षा, व्यावसायिक आरोग्य व पर्यावरण यांचे व्यवस्थापन एकाच चौकटीत चालविण्याची पद्धत. शिकागो कराराचे (पहा : शिकागो करार) सुरक्षितता व्यवस्थापनावरील स्वतंत्र परिशिष्ट 19 2013 मध्ये लागू झाले. धोरण, जोखीम-व्यवस्थापन, खातरजमा व प्रसार हे सुरक्षितता व्यवस्थापनाचे चार घटक. एकात्मिक पद्धतीत दस्तऐवज, अंतर्गत तपासणी व प्रशिक्षण सामायिक असते. गुणवत्ता-तपासणीत आढळलेली देखभालीतील त्रुटी थेट जोखीम-नोंदवहीत जाते. तसेच एका विभागातील काटकसरीने दुसऱ्यात वाढणारा धोका आधीच लक्षात येतो. चूक कळविणाऱ्यास शिक्षेचे भय नसणे ही यातील कळीची अट होय. भारतात विमान वाहतूक सुरक्षिततेचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे.