किल्लारी ते मोबाईलचा इशारा

आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, किल्लारी परिसरात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. तेव्हा देशात मोबाईल नव्हता. तो १९९५ मध्ये आला.

सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने भारतातल्या अँड्रॉइड ५ आणि त्यापुढच्या फोनवर भूकंपाचा इशारा देणारी सोय आणली. फोन आडवा केला की स्क्रीन फिरवणारा सेन्सरच इथे कामाला येतो. ताप चढण्याआधी कणकण जाणवते, तशी भूकंपाची सौम्य लाट आधी येते आणि जोराची मागून. एका भागातले अनेक फोन एकदम थरथरले की सर्व्हर भूकंप ओळखतो आणि दूरच्या फोनना इशारा धाडतो.

हे भाकीत नव्हे. केंद्राजवळच्या गावाला इशाऱ्याआधीच हादरा बसू शकतो. लांबच्यांना काही सेकंद मिळतात. तेवढ्यात भक्कम टेबलाखाली जाऊन डोकं-मान झाकता येते.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड भाग ४.५ तीव्रतेने हादरला होता. म्हणून सेटिंगमध्ये ‘सुरक्षा आणि आणीबाणी’ उघडून भूकंपाचा इशारा चालू आहे ना, ते आजच बघा. इंटरनेट आणि लोकेशनही चालू हवे. आणि खाटेवर झुकलेली जुनी भिंत? ती कोणताही अपडेट सावरणार नाही. आधी खाट हलवा.