आंबोली परिसरातील निसर्गस्थळे

आंबोली हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले गाव व थंड हवेचे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६९० मीटर असून ते सावंतवाडीहून सुमारे ३० किमी अंतरावर आहे. वेंगुर्ले बंदर व बेळगाव यांना जोडणारा जुना घाटरस्ता येथून गेल्यामुळे हे ठिकाण प्रकाशात आले.

== हवामान ==
अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे येथील उभ्या कड्यांना प्रथम अडतात. त्यामुळे येथे वर्षाला सरासरी ७,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. पावसाळ्यात धुके दिवसचे दिवस हटत नाही आणि घाटात दरडी कोसळून वाहतूक खंडित होण्याचे प्रसंग येतात.

== हिरण्यकेशी ==
गावाजवळच्या एका गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. उगमापाशी शंकराचे मंदिर व कुंड आहे. समुद्र येथून सरळ रेषेत जेमतेम ४० किमीवर असला, तरी नदी त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस आजरा, गडहिंग्लजकडे वाहते व पुढे घटप्रभेस मिळते. घटप्रभा कृष्णेस मिळत असल्याने आंबोलीचे हे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते.

याच कुंडातून २०२० मध्ये माशाची एक नवी प्रजाती शास्त्रीयदृष्ट्या नोंदवण्यात आली. नदीवरूनच तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव देण्यात आले. तिचा अधिवास अतिशय लहान असल्यामुळे २०२१ मध्ये राज्य शासनाने कुंडाभोवतीचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. देवस्थान असल्यामुळे या पाण्याचे पावित्र्य पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. मात्र एवढ्याशा पाण्यात साबण, निर्माल्य किंवा बाहेरून आणलेले मासे पडले, तर संपूर्ण प्रजातीच धोक्यात येऊ शकते. म्हणून भेट देणाऱ्यांनी कुंडात काहीही टाकू नये.

== धबधबे व कडे ==
घाटरस्त्याला लागून असलेला आंबोली धबधबा सर्वांत गर्दीचा. जुलै-ऑगस्टमधील सुट्टीच्या दिवशी तेथे पाण्यापेक्षा माणसेच अधिक दिसतात. बेळगावच्या रस्त्यावरील नांगरतास धबधबा अगदी निराळा आहे. तेथे प्रवाह खडकातील अरुंद, खोल घळीत कोसळतो व ती घळ नांगराने ओढलेल्या तासासारखी दिसते. गेळे गावाजवळील कावळेसाद येथे दरीतून वर येणारा जोरदार वारा कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर उडवतो. येथील कडा ताशीव व निसरडा आहे. येथून पडून पर्यटकांचा मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या असल्याने कठडा ओलांडणे जिवावर बेतू शकते. महादेवगडावरून निरभ्र दिवशी तळकोकण व समुद्र दिसतो.

== सडे, वने व जीवसृष्टी ==
जांभ्याच्या उघड्या पठारांना येथे 'सडा' म्हणतात. उन्हाळ्यात ओसाड भासणारा सडा पहिल्या पावसानंतर जिवंत होतो. खडकातील उथळ डबक्यांत आंबोली भेक अंडी घालतो. अंगावर वाघासारखे पट्टे असलेली ही प्रजाती २००९ मध्ये आंबोलीतूनच वर्णिली गेली. तिचा आढळ अत्यंत मर्यादित असून ती अतिसंकटग्रस्त मानली जाते. प्रजननासाठी हे भेक बाहेर पडतात त्याच काळात पर्यटकांची वर्दळ वाढते आणि रात्री रस्त्यावर आलेले प्राणी वाहनांखाली चिरडले जातात. पावसाळी रात्री घाटमाथ्यावर वाहन सावकाश हाकणे हे येथे सौजन्यापुरते राहत नाही.

अंजनी, जांभूळ, पिसा इत्यादी वृक्षांच्या निमसदाहरित वनांत मलबारी चापडा हा विषारी साप, देवगांडूळ आणि पानांवर फेसाचे घरटे करणारा मलबारी उडता बेडूक आढळतो. बेडकाचे घरटे पाण्यावर लोंबणाऱ्या पानावर असते, त्यामुळे पिल्ले बाहेर पडताच थेट खालच्या पाण्यात उतरतात. दर सात वर्षांनी फुलणारी कारवीही या डोंगरांत आहे.

== भेटीचा काळ ==
धबधबे व उभयचर प्राणी पाहण्यासाठी जून ते सप्टेंबर, तर सड्यावरील रानफुलांसाठी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ योग्य ठरतो. दूरवरचे देखावे हिवाळ्यातच नीट दिसतात. जवळचे रेल्वे स्थानक कोकण रेल्वेवरील सावंतवाडी रोड हे आहे.