गिरी यांचा राजीनामा आणि सक्तीचा लवाद

कामगार-पुढारी मंत्री झाला म्हणजे त्याच्या निष्ठेची कसोटी लागते. व्ही. व्ही. गिरी यांच्या बाबतीत ती १९५४ साली लागली. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे संघटन करून पुढे आलेले गिरी १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे व १९५२ मध्ये केंद्राचे मजूरमंत्री झाले. मालक-मजुरांनी परस्पर वाटाघाटींनीच तंटे मिटवावेत, सक्तीच्या लवादाने संघटना दुर्बळ होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ऑगस्ट १९५४ मध्ये सरकारने बँक-कर्मचाऱ्यांविषयीच्या अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयात कर्मचाऱ्यांना प्रतिकूल असे फेरफार केले, तेव्हा गिरींनी राजीनामा दिला. ज्या पद्धतीला त्यांचा विरोध होता, तिच्याच निवाड्यासाठी त्यांनी पद सोडले, ही विसंगती वरवरची होय. कामगाराला संपापासून परावृत्त करून लवादाकडे धाडणारे सरकारच निवाडा बदलू लागले, तर कामगाराच्या हाती काहीच उरत नाही.

१९५५ मध्ये न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या आयोगाने तो निर्णय बव्हंशी पुनःस्थापित करण्याची शिफारस केली व सरकारने ती स्वीकारली. निवाड्याचा मान राहिला. सक्तीचा लवादही मात्र कायम राहिला.