गळ्याचा आजार, छातीत सापडलेला

थायरॉइड म्हटले की आज हात गळ्याकडे जातो. वैद्यकाला मात्र हा विकार आधी छातीत भेटला. इंग्लंडमधल्या बाथ शहरात 1786 मध्ये डॉ. कॅलेब पॅरी यांनी 37 वर्षांची एक रुग्ण तपासली. नाडी मिनिटाला 156, मधूनमधून ठोका चुकणारी. दर ठोक्यासरशी सगळी छाती हादरे. गळा सुजलेला होताच. ही टिपणे पॅरींच्या मृत्यूनंतर, 1825 मध्ये छापली गेली. पुढे डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 मध्ये आणि मर्सेबर्गच्या कार्ल फॉन बाझेडो यांनी 1840 मध्ये असेच रुग्ण नोंदवले, त्यांतही धडधड होतीच. नाव ग्रेव्ह्जचे लागले. जर्मन अजून बाझेडोचेच घेतात.

पॅरींनी कार्यकारण मात्र उलटे लावले. बेफाम हृदय रक्त वर ढकलते आणि मेंदूवरचा भार थायरॉइड आपल्यावर घेते, असा त्यांचा तर्क. दोष ग्रंथीचाच, हे जर्मन डॉक्टर मोबियस यांनी ठासून म्हटले ते 1886 मध्ये. मग पॅरींना श्रेय कशाचे? माझ्या मते, नाडी नीट मोजल्याचे. तर्क बाद झाला, आकडे उरले, आणि त्यांचा अर्थ नंतरच्यांनी लावला: हार्मोन वाढले की ठोके वाढतात, लय बिघडते. ते घटले तर काय, हे 1918 मध्ये हेरमान झोंडेक यांनी दाखवले. हृदय मंदावते, फुगते. ग्रंथीचा अर्क दिला की पुन्हा आकसते.

तरीही 1933 मध्ये बोस्टनला ब्लूमगार्ट, लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी हृदयरोग्यांच्या धडधाकट थायरॉइड ग्रंथी काढायला सुरुवात केली. शरीराची प्राणवायूची गरज घटली की दुबळ्या हृदयाचे भागेल, हा हिशेब. काहींची छातीतली कळ आणि धाप खरोखर कमी झाली. तेव्हा प्रयोग फसला म्हणणे अन्यायाचे, असा आक्षेप येईल. पण हृदय होते तसेच राहिले, गरज तेवढी छाटली गेली, आणि बदल्यात रुग्णाच्या पदरात पडली झोंडेक यांनी वर्णिलेलीच व्याधी. ही शस्त्रक्रिया पुढे मागे पडली. थायरॉइड आणि हृदय यांतला दुवा मात्र खरा होता. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या 1994 मधल्या अभ्यासात साठीपुढच्या, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हार्मोन; ग्रंथी जादा चालली की हे घटते) फार कमी असलेल्या लोकांत दहा वर्षांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. म्हणूनच अशी लय नव्याने बिघडलेला रुग्ण आला की डॉक्टर ईसीजीबरोबर टीएसएचही तपासायला सांगतात.